पाणी मोजणारे गाव



‘पाण्याचे महत्त्व’ या विषयावर तुम्ही आतापर्यंत किती निबंध लिहिले असतील? पाणी म्हणजे जीवन, नळ वाहता ठेवू नये, दात घासताना तांब्या घ्यावा, बादलीभर पाण्यात आंघोळ उरकावी, हे सारे त्यात असतेच. त्याला गुणही बरे मिळतात. मीही असे पुष्कळ निबंध लिहिले आहेत आणि त्यातले एकही वाक्य चुकीचे होते असे आज वाटत नाही. पण एक प्रश्न त्या निबंधांत कधी आला नाही. मी वाचवलेले तांब्याभर पाणी पुढे कोणाला मिळते?

तुमच्या गल्लीतलेच उदाहरण घ्या. नळाला सकाळी तासभर पाणी येते. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घराने नळाला मोटर जोडली, म्हणजे गल्लीच्या टोकाच्या घरात करंगळीएवढी धार येते, आणि कधी तीही येत नाही. आता त्या टोकाच्या घरातल्या मुलीने ‘पाणी वाचवा’ हा धडा कितीही मनावर घेतला, तरी तिने वाचवायचे काय? आणि मधल्या एखाद्या घराने काटकसर केली, तरी वाचलेले पाणी टोकाला पोचेलच असे नाही. ती मोटर तेही ओढून घेईल. तेथे उणीव काटकसरीची नाही. उणीव आहे ती मोटर लावू नये या नियमाची, तो नियम मोडला तर विचारणाऱ्या माणसाची, आणि टोकाच्या घरालाही नियम ठरविताना बोलाविण्याची.

पाणी, जंगल, गायरान, मासे या नैसर्गिक संपत्तीविषयी आपण बोलतो तेव्हा विज्ञान म्हणजे यंत्रे, धरणे, नवी बियाणी असे आपल्या मनात असते. कारभाराचा भाग आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकाकडे ढकलून देतो. माझे मत असे की ही विभागणीच चुकीची आहे. विहीर का आटली याचे उत्तर अर्धे भूगर्भात असते आणि अर्धे गावाच्या चावडीवर. हे अर्धे अर्धे एकत्र कसे येते, ते आज पाहू.

आधी जमिनीखाली जाऊ. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, याने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले व त्यातून तो तयार झाला. गंगेच्या मैदानात शेकडो मीटर खोल गाळ आहे. तो स्पंजासारखे पाणी धरतो. आपला पाषाण तसा नाही. त्यात पाणी राहते ते वरच्या मुरमाच्या थरात, भेगांत आणि दोन थरांमधल्या फटींत. ही साठवण लहान असते, पावसाळ्यात लवकर भरते आणि उपसा झाला की लवकर रिकामी होते. शिवाय भेगा काही बांधावर येऊन थांबत नाहीत. तुमच्या शेतातली विहीर आणि शेजाऱ्याची विहीर म्हणजे एकाच शहाळ्यात घातलेल्या दोन नळ्या समजा. ज्याची नळी खोल तो शेवटपर्यंत पितो.

कायद्याने मात्र हे शहाळे फार दिवस कापूनच वाटले होते. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखाली मुरलेले पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाचा. दोराने मोट ओढण्याच्या काळात त्यात फारसे बिघडत नव्हते. बैल दमले की उपसा थांबे. विजेचा पंप दमत नाही. आज भारत वर्षाला सुमारे २४० घन किलोमीटर भूजल उपसतो. जगात कोणताही देश इतके उपसत नाही. अमेरिका आणि चीन यांचा उपसा एकत्र केला तरी आपला आकडा त्याहून मोठा भरतो.

आता थोडे गणित करू. वही काढा.

समजा, एका गावाचे क्षेत्रफळ १००० हेक्टर आहे आणि तेथे वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पूर्वेकडील अवर्षणग्रस्त पट्ट्यातली पुष्कळ गावे अशीच आहेत. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा गावावर पडलेले पाणी झाले ४० लाख घनमीटर. ऐकायला केवढे वाटते! पण त्यातले पुष्कळसे वाफ होऊन जाते, पुष्कळसे ओढ्याने वाहून जाते, काही मातीत राहून खरिपाच्या पिकाला मिळते. बेसाल्टमध्ये खोल मुरणारा वाटा पावसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास धरतात. म्हणजे विहिरींत येऊ शकेल असे पाणी ४ लाख घनमीटर.

गावात १२०० माणसे आहेत. प्रत्येकाला दिवसाला ५५ लिटर दिले, तर वर्षाला सुमारे २४,००० घनमीटर लागतील. ५०० गुरे आहेत. प्रत्येकी ५० लिटर धरले तर सुमारे ९,००० घनमीटर. दोन्ही मिळून ३३,००० झाले. उरले ३,६७,०००. म्हणजे पिण्याच्या पाण्याला गावाच्या भूजलाचा बारावा हिस्सासुद्धा लागत नाही. तरीही अशाच गावांत उन्हाळ्यात टँकर येतो. का?

पुढचे गणित पाहा. रब्बी ज्वारीला दोन-तीन पाळ्या दिल्या तर हेक्टरी साधारण २,००० घनमीटर पाणी लागते. उरलेल्या पाण्यावर १८० हेक्टर ज्वारी भिजेल. उसाला पाटाने पाणी दिले तर वर्षाला हेक्टरी २०,००० घनमीटर किंवा त्याहून अधिक लागते. त्याच पाण्यावर ऊस भिजेल अवघा १८ हेक्टर. (प्रत्यक्षात सगळेच पाणी उपसता येत नाही, आणि उपसूही नये, ओढ्यालाही काही राहायला हवे. पण अंदाजासाठी हे पुरे.) आता असे धरा की ज्यांच्या विहिरी खोल आहेत अशा वीस जणांनी एकेक हेक्टर ऊस लावला. कोणीही चोरी केली नाही, कोणीही नळ वाहता ठेवला नाही, पाण्याचा थेंबन् थेंब पिकालाच गेला. तरी फेब्रुवारीत गावाची पिण्याची विहीर कोरडी पडते. ऊस लावणारा माणूस वाईट असतो असे मुळीच नाही. त्याला कारखान्याचा भाव ठाऊक असतो. ज्वारीला तसा भाव देणारे कोणी नसते. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही कदाचित तेच केले असते.

हेच १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. त्याने उदाहरण घेतले गायरानाचे. एक गाय जास्त सोडली तर तिच्या दुधाचा सगळा लाभ मालकाला, पण गवत कमी झाल्याचा तोटा साऱ्यांत वाटला जातो. म्हणून प्रत्येक जण एकेक गाय वाढवतो आणि शेवटी गवत उरत नाही. हार्डिनचे तर्कशास्त्र बिनचूक होते. त्यावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला की गायरान एक तर वाटून खाजगी करावे, नाही तर सरकारच्या ताब्यात द्यावे.

पण हार्डिनच्या गायरानात एक गोष्ट नव्हती. तेथले गुराखी एकमेकांशी बोलतच नव्हते! खरी माणसे बोलतात, भांडतात, समेट करतात आणि नियम करतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने आपले सारे आयुष्य अशी माणसे शोधण्यात घालविले. लॉस एंजेलिसजवळच्या भूजलाचा खारटपणा तेथल्या पाणी वापरणाऱ्यांनी कसा रोखला, यावर त्यांनी १९६५ साली प्रबंध लिहिला. पुढे देशोदेशींच्या पाट, कुरणे, जंगले आणि मासेमारी यांचा अभ्यास करून १९९० साली पुस्तक लिहिले, आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळविणारी ही पहिली स्त्री. त्यांच्या पुस्तकातले एक उदाहरण मला फार आवडते. स्वित्झर्लंडमध्ये टॉर्बेल नावाचे डोंगरी खेडे आहे. तेथल्या लोकांनी १५१७ साली नियम केला की हिवाळ्यात आपल्या घरच्या चाऱ्यावर जितक्या गायी जगविता येतील तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या, त्याहून एकही अधिक नाही. अधिक सोडणाऱ्याला दंड. आणि दंड वसूल करणाऱ्या माणसाला त्यातला अर्धा वाटा! राखणदाराने डोळेझाक करू नये म्हणून काढलेली ही युक्ती पाहून हसू येते खरे, पण ती चालली. ते कुरण उजाड झाले नाही.

स्वित्झर्लंड दूर आहे. आपल्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी फड पद्धत आहे, तिचे वय तीन-चारशे वर्षांचे सांगतात. तुमच्यापैकी कोणी साक्री किंवा बागलाणकडचे असाल, तर आजोबांना विचारा. ते माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

नदीवर दगडी बंधारा घालायचा. त्याने पाणी साठवायचे नाही, फक्त वळवायचे. तेथून पाट काढायचा, पाटातून चाऱ्या. भिजणाऱ्या सगळ्या जमिनीचे मोठे मोठे भाग पाडायचे. एकेक भाग म्हणजे एकेक फड. दर वर्षी गावाने नेमलेली पंचमंडळी बंधाऱ्यावरचे पाणी पाहून ठरवीत की यंदा किती फड भिजवायचे आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे. एका फडात एकच पीक. उसाचा फड एखादाच, बाकीच्यांत कमी पाण्याची पिके, आणि पाणी कमी असेल तर एखादा फड तसाच पडीक. पुढल्या वर्षी पाळी बदले. बहुतेकांच्या जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असत, त्यामुळे एक फड कोरडा राहिला तर एकाच घराचे नशीब कोरडे होत नसे. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. पिकाची राखण जागल्याकडे. त्यांना मोबदला शेतकरीच देत, पुष्कळदा धान्याच्या रूपाने. म्हणजे पाटकरी उत्तरदायी असे तो ज्यांचे पीक भिजवायचे त्यांनाच. पावसाळ्यानंतर पाटातला गाळ काढायला साऱ्यांनी यायचे.

यात विज्ञान किती आहे ते बघा. एका फडात एकच पीक असले की सगळ्या वाफ्यांना पाणी एकाच वेळी हवे असते. पाट वारंवार उघडावा-मिटावा लागत नाही, पाणी मुरून वाया जात नाही, आणि रात्री कोणी चोरून पाणी फोडले तर ते सकाळी साऱ्या फडाला दिसते. वेगळा पहारा ठेवावाच लागत नाही, कारण पीकरचनाच पहारा करते. शिवाय भिजवायचे क्षेत्र त्या वर्षीच्या पाण्याप्रमाणे आखूड-लांब होते. आपली आजची कितीतरी धरणे कागदावरील क्षेत्र धरून बसतात आणि मग दर उन्हाळ्यात टेलचे शेतकरी मोर्चा काढतात.

मग ही पद्धत आज क्षीण का झाली? येथे कोणी म्हणेल की लोकांत एकी राहिली नाही. एवढेच कारण सांगणे मला अन्यायाचे वाटते. नद्यांवर वरच्या बाजूला धरणे झाली, पाणी कधी सुटणार हे गावाच्या हाती राहिले नाही, विहिरींवर पंप बसले आणि ज्याच्या घरी पंप त्याला पंचांची गरज उरली नाही. गावाने कितीही चांगले नियम केले तरी त्या नियमांना वरच्या कारभाराने मान दिला पाहिजे. ऑस्ट्रॉमबाईंनीही ही अट सांगितली आहे.

आता आणखी एक अवघड प्रश्न. फडाचे पाणी ज्यांची जमीन होती त्यांना मिळे. ज्यांना जमीनच नाही, त्यांचे काय? नदी तर त्यांचीही आहे.

१९७२ च्या दुष्काळात हजारो माणसे खडी फोडायला रस्त्यांवर आली होती. त्या दुष्काळाने पुण्याच्या एका अभियंत्याला अस्वस्थ केले. त्यांचे नाव विलासराव साळुंखे. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानाची १६ हेक्टर उजाड जमीन त्यांनी कराराने घेतली, बांधबंदिस्ती केली, पाणी अडविले, विहीर खणली. माळ हिरवा झाला. एवढ्यावर ते थांबले असते तर ती एक चांगली शेती झाली असती, इतकेच. पण हे पाणी कोणाचे, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा आहे. योजनेच्या खर्चाचा काही भाग प्रत्येकाने स्वतः घालायचा. आणि ऊस लावायचा नाही.

पहिला नियम पुन्हा वाचा. पाच माणसांच्या घराकडे पन्नास एकर जमीन असो की तीन, पाणी तेवढेच! १८८२ च्या कायद्याच्या हे अगदी उलट आहे. भूमिहीनाला पाण्याचा वाटा देणे म्हणजे काय, असे तेव्हा पुष्कळांनी विचारले. पण वाटा असला की तो माणूस कोणाची तरी जमीन कसायला घेऊन पिकाचा भागीदार होऊ शकतो. पाणी पंचायतीच्या साऱ्या योजना टिकल्या असे नाही. काही बंद पडल्या, आणि पाणी हाती आल्यावर उसाचा मोह आवरणेही सोपे नव्हते. साळुंखे २००२ साली गेले. तरीही माझ्या मते महाराष्ट्रात पाण्याबद्दल जे विचार झाले, त्यांतला हा सर्वांत धाडसी आहे, आणि त्याचा आपण पुरेसा अभ्यास केलेला नाही.

हिवरे बाजारचे नाव तुम्ही ऐकले असेलच. अहमदनगर जिल्ह्यातील (आता या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे) हे गाव १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून बदलत गेले. डोंगरावर चर, ओढ्यावर बंधारे, झाडे, हे सर्व तेथे झाले. पण ते इतर पुष्कळ गावांतही झाले होते. फरक पुढे आहे. हिवरे बाजारने शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही असे ठरविले आणि ते पाळले. पावसाळा संपला की गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात. आपण वर वहीत जे गणित केले तेच ते. किती पाऊस पडला, विहिरींत किती पाणी आहे, माणसांना आणि गुरांना किती, उरले किती, आणि त्यात यंदा कोणती पिके बसतात. आकडे ग्रामसभेपुढे येतात. ज्या गावात पाण्याचा आकडा साऱ्यांना ठाऊक असतो तेथे खोटे बोलणे कठीण जाते.

महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यातही शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरी खोदू नयेत असे कलम आहे. तुमच्या तालुक्यात बोअरची गाडी रात्री किती फूट खाली जाते हे गावातल्या कोणालाही विचारा. तेच कलम हिवऱ्याला चालते आणि अन्यत्र का चालत नाही? कारण हिवऱ्यात नियम लोकांनी केला होता, आणि मोडणारा कोण हे त्यांनाच दिसणार होते. अर्थात येथे मला एक शंका आहे ती सांगतो. एका खंबीर सरपंचावर उभे असलेले गाव त्याच्यामागे कसे चालेल? पांझरेच्या फडांना कोणा एका माणसाचे नाव नाही, आणि ते शेकडो वर्षे चालले.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने या शंकेला आपल्या परीने उत्तर दिले आहे. तेथे बहुमताने निर्णय होत नाही. सर्वांची संमती मिळेपर्यंत चर्चा चालते, आणि अभ्यास गटात बसून लोक आधी विषय समजून घेतात. याला वेळ लागतो, कधी कधी फारच. पण ठरले की मोडणारा सहसा निघत नाही, कारण तो स्वतः हो म्हणालेला असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी स्वतःच्या जंगलातला बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार हाती यायला २०११ साल उजाडले. हक्क कागदावर आणि शिक्का दुसऱ्याच्या खिशात, अशी ती दोन वर्षे होती.

तेव्हा सरकार बाजूला झाले की सारे सुरळीत होईल का? नाही. गोदावरीचे उदाहरण घ्या. पैठणला जायकवाडीचे धरण आहे. त्याच्या वर नाशिक-नगरकडे अनेक धरणे आहेत. पाऊस कमी पडला की वरची धरणे भरतात आणि खाली मराठवाडा कोरडा राहतो. आपली गल्लीच ही, फक्त शेकडो किलोमीटर लांबीची! येथे कोणती ग्रामसभा काय करणार? २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण नेमले आणि तुटीच्या वर्षी खोऱ्यातील साऱ्यांनी तूट सारखी वाटून घ्यावी असे तत्त्व घातले. २०१५, २०१८ आणि २०२३ साली त्याप्रमाणे वरून पाणी सोडण्यात आले, आणि प्रत्येक वेळी वाद झाला, लोक न्यायालयात गेले. वाद झाला म्हणून तत्त्व चुकीचे ठरत नाही. उलट हा वाद पाटावर कुऱ्हाडी घेऊन न होता न्यायालयात आकड्यांवर झाला, हे मला चांगले लक्षण वाटते.

टेलच्या लोकांना बळ कसे येते हे पाहायचे असेल तर दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरण पाहा. कालव्याच्या टोकाला असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांना पाणी पोचत नव्हते. त्यांनी १९९० च्या सुमारास पाणी वापर संस्था काढल्या. त्यांनी पाणी हेक्टरांवर न घेता घनमीटरवर, म्हणजे मोजून, घेतले, आणि पीक कोणते घ्यायचे ते स्वतः ठरविले. मोजून घेतलेल्या पाण्याचे पैसे मोजून द्यावे लागतात. मग पाट फुटला तर रात्रीसुद्धा माणूस कंदील घेऊन धावतो. पुढे त्या साऱ्या प्रकल्पाचे पाणीवाटप शेतकऱ्यांकडे आले.

शिक्षकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. या सर्व कहाण्यांत पंच, सरपंच, पाटकरी, सभासद यांची यादी केलीत तर बहुतेक नावे पुरुषांची निघतील. सातबाऱ्यावर ज्याचे नाव तो सभासद, आणि सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे. विहिरीची पातळी गावात सर्वांत आधी कोणाला कळते? पाणी शेंदणारीला. यंदा दोर दोन हात अधिक सोडावा लागतो हे ती पौषातच सांगू शकते. पण सभेत तिला कोणी विचारत नाही, म्हणून ही माहिती वाया जाते. वर्गात हा विषय काढाल तेव्हा मुलींना आधी बोलू द्या.

आणि वर्गात एवढ्यावर थांबू नका. गावातली कठडा असलेली एक विहीर निवडा. शिक्षक बरोबर असल्याशिवाय कोणी काठावर जायचे नाही. कठड्यावर एक खूण करा आणि दर वेळी तेथूनच मोजा. दोरीला वजन बांधून, पंप सुरू होण्याआधी सकाळी, पाणी किती मीटर खाली आहे ते पाहा. महिन्यातून एकदा पुरे. पण ऑक्टोबर आणि मे महिन्यांची मोजणी चुकवू नका, कारण या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या गावाने त्या वर्षी काय केले त्याचा हिशेब. पाऊस मोजायला सरळ उभ्या बाजूंचा, सपाट तळाचा पत्र्याचा डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी ठरल्या वेळी त्यातले पाणी पट्टीने मोजा. जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. गावाचे क्षेत्रफळ तलाठ्याकडे मिळेल. गुरांची आणि माणसांची गणना तुम्हीच करू शकाल, आणि कोणत्या शेतात काय पेरले आहे हे तर तुम्हाला शाळेत येता-जाता दिसतेच.

हे आकडे शाळेच्या दाराशी असलेल्या फळ्यावर लिहा, नाव न घालता, सोप्या अक्षरांत: विहिरीचे पाणी इतके खाली, मागच्या वर्षी याच महिन्यात इतके. दोन-तीन वर्षांचे आकडे जमले की ग्रामसभेच्या तारखेला तो फळा उचलून तिकडे न्यायला सरपंचांची परवानगी मागा. परवानगी मिळाली की नाही, आणि फळा पाहून सर्वांत आधी कोण काय म्हणाले, ते पोस्टकार्डावर आम्हाला लिहून कळवा.